चर्चच्या बालवाडीत आणि पाळणाघरात मूल घालताना : सोलापुरातल्या नव्या पालकांसाठी

चर्चच्या आवारात भरणारी बालवाडी सोलापूरला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच इथे किंडरगार्टन आणि त्यासाठी शिक्षिकांचं प्रशिक्षण चालवलं होतं. आज अशा वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एकाच सतरंजीवर बसतात आणि त्यांतली कितीतरी ख्रिस्ती नसतात. पहिल्यांदा येणाऱ्या पालकांचे प्रश्न मात्र सारखेच असतात. प्रार्थना करावीच लागते का? डब्यात काय चालतं? ताप आला तर? घ्यायला आजोबा आले तर सोडतील का? या सगळ्यांची उत्तरं प्रवेशाआधी कागदावर घ्यायची असतात. दारावर घाईत बोललेलं सकाळच्या बाईंकडून दुपारच्या मावशींपर्यंत पोचत नाही, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

आधी वय आणि कागद

पाळणाघर आणि बालवाडी एकाच इमारतीत असली तरी नियम वेगळे असतात. पाळणाघरात साधारण ६ महिन्यांपासून ६ वर्षांपर्यंतची मुलं घेतात. नर्सरीसाठी मात्र महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे २०२६-२७ च्या नर्सरीसाठी मूल ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत जन्मलेलं हवं. हा हिशेब आत्ताच करून ठेवा. पहिलीलाही ३१ डिसेंबरला ६ पूर्ण हाच नियम आहे, त्यामुळे घाईने वर्षभर आधी बसवलेलं मूल पहिलीच्या दारात अडतं आणि मोठा गट पुन्हा करतं.

कागदांमध्ये महापालिकेचा जन्मदाखला, असेल तर आधार, लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, मुलाचे चार फोटो आणि मुलाला न्यायला येणाऱ्या प्रत्येकाचे दोन फोटो लागतात. नावाचा घोळ इथे नेहमीचा आहे. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, मराठी पद्धतीत शेवटी. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरंच असेल तर ते बालवाडीतच दुरुस्त करून घ्या, पुढे शाळेच्या दाखल्यावर ते फार महागात पडतं. बाप्तिस्म्याचा दाखला प्रवेशाला लागत नाही. मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या, सभासदांना फीमध्ये सवलत असेल तरच तो मागतात.

लसीकरणाचं कार्ड बाई बारकाईने पाहतात, आणि पाहायलाच हवं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, त्याच सुमारास त्रिगुणी (डीपीटी) लशीचा पहिला बूस्टर. दुसरा डोस राहून गेलेली मुलं बरीच सापडतात, कारण तोपर्यंत बाळ धावायला लागलेलं असतं आणि दवाखान्याच्या खेपा थांबलेल्या असतात. गोवर बंद खोलीत झपाट्याने पसरतो. डोस राहिला असेल तर आधी तो देऊन घ्या.

बघायला कधी जायचं आणि काय बघायचं

सुट्टीच्या दिवशी किंवा रविवारच्या उपासनेनंतर जाऊ नका. तेव्हा सगळं झाडून-पुसून शांत असतं. सोमवार ते शुक्रवारात सकाळी दहाच्या सुमारास, फोन करून जा, आणि एका कोपऱ्यात वीस मिनिटं बसायची परवानगी मागा.

आधी डोकी मोजा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खासगी प्ले स्कूलमध्ये दर २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस हवी. पाळणाघरात ३ वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका हे किमान प्रमाण आहे. आमच्या मते रांगणाऱ्या बाळांसाठी तेही अपुरं पडतं. एका बाईच्या हाती चारपेक्षा जास्त तान्ही बाळं असतील तर एकाला पाजताना बाकीच्यांकडे बघणार कोण, हे थेट विचारा.

मग पाण्याकडे वळा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक संस्थेत टाक्या, बॅरल, हौद भरून ठेवलेले असतात. टाकी किती दिवसांनी रिकामी करून घासतात, पिण्याचं पाणी उकळतात की फिल्टरचं असतं, झाकणं घट्ट आहेत का, हे विचारा. डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, मुलं वर्गात असतात त्याच वेळी. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करण्याची शिस्त जिथे आहे तिथे पावसाळ्यात ताप कमी पसरतो. दारात बॅरल उघडी असेल तर ती बुडण्याच्या दृष्टीनेही धोक्याची. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं.

चर्चची जागा असल्याने आणखी दोन प्रश्न विचारावेच लागतात, आणि ते कुणी विचारत नाही. पहिला : बालवाडीचा हॉल रविवारी उपासनेला किंवा लग्नाला वापरतात का? वापरत असतील तर सोमवारी सकाळी मुलं येण्याआधी जमिनीची तपासणी कोण करतं? फुलांच्या सजावटीच्या टाचण्या, सुटी नाणी, मेणबत्तीचे तुकडे, काडेपेटी, माइकच्या वायरी, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, हे सगळं रांगत्या मुलाच्या उंचीवर असतं. दुसरा : आठवड्यात मधेच अंत्यविधी ठरला तर मुलं कुठे बसतात? चांगल्या संस्थेत याचं उत्तर तयार असतं, बहुधा मागच्या बाजूची खोली आणि वेगळं फाटक. उत्तर देताना बाई अडखळल्या, तर त्या दिवशी तुम्हाला बारा वाजता फोन येईल हे समजून चला.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांबद्दल कडक आदेश काढले. २०२२ पासून शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही सांगितलेली आहे. कॅमेरे कुठे आहेत, फुटेज कोण पाहतं, रिक्षावाले, शिपाई, मावशी, माळी या सगळ्यांची पडताळणी झाली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. शी-शू नेणारी व्यक्ती कोण, ती बाईच आहे का, आणि दार पूर्ण बंद करत नाहीत ना, हेही.

प्रार्थना, गाणी आणि तुमची संमती

साधारणपणे सकाळी दहा-पंधरा मिनिटं प्रार्थना आणि हातवाऱ्यांची गाणी, आठवड्यातून एक-दोनदा बायबलमधली गोष्ट, आणि डबा उघडण्याआधी हात जोडून दोन ओळी, एवढं असतं. पाळकसाहेब किंवा फादर महिन्यातून एखाद्या वेळी मुलांना भेटायला येतात. पाळणाघरातल्या तान्ह्यांना यातलं काहीच नसतं.

राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ही संमती पालकांची असते. स्वतंत्र बालवाडीला वेगळी मान्यता असो वा नसो, हीच रीत पाळणारी संस्था निवडा. प्रवेश अर्जात संमतीचा रकाना असतो. नसेल तर अर्जाच्या मागे लिहून सही करा : प्रार्थनेला बसेल, फक्त गाण्यांना बसेल, किंवा बसणार नाही. बसणार नसेल तर ती पंधरा मिनिटं मूल कुठे असेल तेही ठरवा. मावशींबरोबर चित्र रंगवत बसणं योग्य. व्हरांड्यात एकटं उभं राहणं योग्य नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला ती शिक्षाच वाटते.

कुंकू, गजरा, ताईत, क्रूस याला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण दोन-तीन वर्षांखालच्या मुलाच्या गळ्यातला दोरा, काळे मणी, मनगट्या काढून पाठवायला सांगतात. पालकांना ही धर्माची अडवणूक वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो : गळ्यातला दोरा झोपेत अडकतो आणि तुटलेला मणी घशात जातो. क्रूसाची साखळीही याच कारणाने काढायला लावतात. कमरेचा करदोटा चालतो, फक्त त्याला घुंगरू किंवा पेटी नको.

नाताळच्या नाटकात मूल मेंढपाळ किंवा देवदूत व्हावं का, त्याचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जावेत का, या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणता येतं.

पहिले दोन आठवडे

सुरुवात सोमवारी करू नका. मंगळवारी किंवा बुधवारी करा, म्हणजे तीन-चार दिवसांत रविवारचा विसावा मिळतो. पहिले दोन दिवस आई किंवा बाबा वर्गातच बसतात, पाऊण तास. तिसऱ्या दिवशी मुलाला सांगून वीस मिनिटं बाहेर, चौथ्या दिवशी चाळीस. पाचव्या-सहाव्या दिवशी डब्यापर्यंत एकटं. दुपारची झोप नवव्या-दहाव्या दिवसाआधी नको, कारण अनोळखी खोलीत डोळे उघडल्यावर मूल पुन्हा पहिल्या दिवसावर येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लक्ष नसताना सटकणं. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल आईचा पदर सोडत नाही, कारण आई कधी नाहीशी होईल याची खात्री उरत नाही. "मी जाते, डबा खाऊन झाल्यावर येते," एवढंच सांगा, वळा आणि जा. फाटकातून परत येऊन डोकावू नका. सोडायला रोज एकच माणूस असू द्या, आजी एक दिवस आणि काका एक दिवस असं नको. दुसऱ्या सोमवारी रडणं पुन्हा सुरू होतं, तेव्हा घाबरून सुट्टी घेतली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

घरात मराठी बोलत नसाल तर दहा शब्दांची चिठ्ठी देवनागरीत लिहून बाईंना द्या. पाणी, शू, भूक, दुखतंय, झोप, आई. तहानलेलं मूल तेलुगूत "नीळ्ळु" म्हणेल, कन्नडमध्ये "नीरु", आणि बाईंना ते कळलं नाही तर रडेल. आईच्या जुन्या साडीचा रुमालाएवढा तुकडा मोठ्या मुलासाठी खिशात चालतो. एका वर्षाखालच्या बाळाच्या बिछान्यात मात्र सैल कापड, उशी, जाड गोधडी काही नको. त्याला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवतात, आणि घरी पोटावर झोपायची सवय असली तरी पाळणाघरात हा नियम मोडायला सांगू नका.

रोजचा दिवस

वेळा संस्थेगणिक बदलतात, पण घडी साधारण अशी असते :

८.३० ते ९.१५ : येणं, दारावर नोंद, मोकळा खेळ
९.१५ ते ९.३० : प्रार्थना, गाणी, हजेरी
९.३० ते १०.३० : गटातलं काम, मणी ओवणं, माती, चित्र, गोष्ट
१०.३० ते ११ : शू, हात धुणं, डबा
११ ते १२ : बाहेरचा खेळ, मग वाचून दाखवणं
१२ ते १२.३० : बालवाडी सुटते, पाळणाघरातली मुलं थांबतात
१२.३० ते ३ : जेवण आणि झोप
३ ते ६ : उठणं, दूध किंवा फळ, खेळ, घरी जाणं

मार्चच्या मध्यापासून हे सगळं तासभर अलीकडे सरकतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेदहानंतर बाहेरचा खेळ नसतो आणि पत्र्याच्या छपराखाली कुणाला झोपवत नाहीत. नसतं, असं आम्ही म्हणतो, पण तुम्ही दुपारी दोनला एकदा जाऊन खोलीत उभे राहून बघा. मुलाबरोबर अर्ध्या लिटरची बाटली द्या आणि ती रिकामी होते का ते रोज घरी पाहा. भरलेली परत येत असेल तर मूल पाणी मागत नाही, त्याला पाजावं लागतं, हे बाईंना सांगा. सुती कपडे, इलास्टिकची चड्डी, बटण-पट्टा नको. बॅगेत दोन जोड कपडे, ओल्या कपड्यांसाठी पिशवी, टोपी. प्रत्येक वस्तूवर नाव, चपलेच्या आतही.

डबा आणि दूध

तीन वर्षांच्या मुलाला एक लहान पोळी किंवा दोन छोट्या इडल्या पुरतात. मोठा डबा भरून दिला की अर्धा परत येतो आणि घरी वाद होतो. डब्याचं झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का, हे आदल्या रात्री घरी करून पाहा. आठ-दहा डबे उघडून देण्यात मावशींचा वेळ जातो आणि तेवढ्यात कुणीतरी ठसकतं.

ठसका लागणं हीच इथली खरी भीती. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, गोळ्या-चॉकलेटांपैकी कडक काहीही पाच वर्षांपर्यंत देऊ नका. द्राक्ष उभं चिरून चार फोडी. शेंगाचटणी सोलापूरच्या डब्यात यायचीच, पण कोरडी भुकटी श्वासाबरोबर आत जाते, म्हणून दह्यात किंवा तेलात कालवून पोळीला लावून द्या. शेंगदाणा किंवा अंडं मुलाने आयुष्यात पहिल्यांदा खायचं ते घरी, सुट्टीच्या दिवशी. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं यांपैकी काही एकदा जरी झालं असेल तर अर्जात ठळक लिहा.

चर्चची जागा म्हणजे सामिष चालणारच, असं धरू नका. लिंगायत, जैन, मांसाहार करणारी आणि न करणारी मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, म्हणून बऱ्याच बालवाड्या डबा शाकाहारी, अंड्याशिवाय ठेवायला सांगतात. हा नियम लेखी मागा. वाढदिवसाला केकऐवजी केळी किंवा वर्गाच्या पेटीसाठी एक चित्रपुस्तक दिलेलं सगळ्यांना सोयीचं.

तान्ह्या बाळाच्या दुधाबाबत मात्र आम्ही जराही सूट देत नाही. बाटलीवर नाव, तारीख आणि काढल्याची वेळ. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तशी खोली नसते, म्हणून बर्फाच्या पिशवीतून आणायचं आणि थेट फ्रिजमध्ये ठेवायचं. पावडरचं दूध घरून कालवून देऊ नका. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, पावडर मोजून वेगळ्या डबीत. कालवलेलं दूध दोन तासांत, आणि बाळाने तोंड लावल्यावर एका तासात वापरायचं, उरलेलं फेकायचं. मध एका वर्षाखाली कधीच नाही. बाळगुटी पाळणाघरात देत नाहीत, आग्रह धरू नका.

आजारी मूल

१००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियसच्या वर ताप असेल तर फोन येतो आणि तासाभरात न्यायचं असतं. परत यायला औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसावा. सकाळी सातला पॅरासिटामॉल पाजून पाठवलेलं मूल अकराच्या सुमारास पुन्हा तापतं, आणि तोवर त्याने दहा जणांचे कप धरलेले असतात. उलटी-जुलाबानंतर शेवटच्या वेळेपासून ४८ तास घरी. कांजिण्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाचे फोड ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. डोळे आले असतील तर चिकटा थांबेपर्यंत. उवा झाल्या तर घरी बसवायची गरज नाही, उपचार करून पाठवा.

औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मूळ बाटली, मात्रा मिलिलिटरमध्ये, वेळ आणि तुमची सही. "अर्धा चमचा" कुणाचा चमचा, यावरून चूक होते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, ग्लासभर पाण्यात अर्धं टाकणं धोक्याचं. तापात झटका आला तर बाई मुलाला कुशीवर वळवतात, तोंडात काही घालत नाहीत, कांदा हुंगवत नाहीत, घड्याळ पाहतात आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करतात. पूर्वी झटका आला असेल तर ते लपवू नका. प्रवेश नाकारतील या भीतीने लपवलेलं ऐन वेळी मुलाच्याच जिवावर येतं.

दारावर

सकाळी सोडताना चार गोष्टी सांगा : रात्री झोपलं का, सकाळी काय खाल्लं, शी झाली का, औषध दिलं का. संध्याकाळी याच चार गोष्टी वहीत वाचा.

नेणाऱ्यांच्या कार्डावर जास्तीत जास्त चार माणसं. पाचवा माणूस आला, मूल "मामा" म्हणत त्याच्याकडे धावलं तरी सोडत नाहीत, आणि हे बरोबर आहे. अचानक बदल झाला तर तुम्ही फोन करता, मग बाई तो फोन ठेवून अर्जातल्या नंबरवर स्वतः उलटा फोन करतात. नंबर बदलला की त्याच दिवशी कळवा. आई-वडील वेगळे राहत असतील तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत द्या. आदेशाशिवाय एका पालकाला दारावर अडवण्याचा अधिकार बालवाडीला नसतो.

रिक्षामामांचा परवाना, बॅज, पोलीस पडताळणी पाहा. उजवी बाजू जाळीने बंद हवी, चालकाच्या शेजारी मूल नको, दप्तरं बाहेर लटकलेली नकोत. मुलाला गल्लीच्या तोंडाशी नाही, ठरलेल्या माणसाच्या हातात सोपवायचं, हे त्यांनाही लिहून द्या.

उशीर होणार असेल तर आधी कळवा. पंधरा मिनिटांनंतर फोन सुरू होतात आणि मूल जाईपर्यंत दोन बायका थांबतात, एकटी कधीच नाही. उशिराची फी त्या दोघींच्या वेळेची असते.

चावणं, ओरबाडणं दीड ते अडीच वर्षांत नेहमीचं. कुणी चावलं त्याचं नाव सांगत नाहीत, जखम आणि उपाय मात्र लेखी देतात. मारणं, कोंडणं, डबा काढून घेणं, चड्डी ओली झाली म्हणून सगळ्यांसमोर बोलणं, यांतलं काही दिसलं तर मुख्याध्यापिकेकडे लेखी द्या. लैंगिक त्रासाचा संशय असेल तर संस्थेच्या चौकशीची वाट पाहू नका. पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) पोलिसांना कळवणं सगळ्यांनाच, संस्थेलाही, बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, पोलिसांचा ११२.

सुट्ट्या आणि निघताना

सुट्ट्यांची यादी जूनमध्येच घ्या, कारण ती सरकारी यादीशी जुळत नाही. नाताळ ते नवं वर्ष आणि गुड फ्रायडे बंद असतो. काही ठिकाणी ईस्टरनंतरचा सोमवारही. दिवाळीची सुट्टी मात्र इतर शाळांपेक्षा लहान असू शकते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद होतात, आणि होम मैदानाच्या बाजूने येणाऱ्या रिक्षा तासभर अडकतात. त्या दिवसांत मूल लवकर न्यायचं की घरी ठेवायचं, ते आठवडाभर आधी बाईंना सांगा. पाळणाघर बालवाडीच्या सुट्टीत चालू असतं का, हा प्रश्न नोकरी करणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारावा.

मूल काढायचं असेल तर साधारण महिनाभर आधी लेखी सूचना द्यावी लागते, नाहीतर अनामत कापली जाते. शेवटच्या दिवशी लसीकरण कार्डाची प्रत, मुलाची वही आणि नेणाऱ्यांचं कार्ड परत घ्या, आणि रिक्षामामांना त्याच दिवशी कळवा, म्हणजे दुसऱ्या सकाळी ते मुलाची वाट पाहत थांबणार नाहीत.